एकगठ्ठा नामांतर : एका ओळीची सोय, एका ओळीची जोखीम

स्कॅनरमधून बाहेर पडणाऱ्या प्रतिमेला नाव नसते. अनुक्रमांक तेवढा असतो. ‘स्कॅन_०००१’, ‘स्कॅन_०००२’ असे करत वहीची पाने एकामागून एक फोल्डरमध्ये येऊन बसतात आणि दिवसअखेर दोनशे पानांची एक वही संगणकात जमा होते. ती देवस्थानच्या जमाखर्चाची आहे, कोमुनिदादीच्या ठरावांची आहे की एखाद्या नाट्यमंडळाच्या हिशेबाची आहे, हे नावावरून कळण्यास काही मार्ग नसतो. काम करणाऱ्याला ते त्या दिवशी ठाऊक असते; वर्षभराने त्यालाही आठवत नाही. वाळवी आणि पावसाळी ओल यांपासून वाचवलेले दप्तर संगणकात जाऊन पुन्हा हरवते, ते असे.

म्हणून नावे बदलावी लागतात. हाताने एकेक नाव बदलण्यास पंधरा सेकंद धरले, तर दोनशे पानांना पन्नास मिनिटे आणि अशा दहा वह्यांना सव्वाआठ तासांहून अधिक वेळ लागतो. त्यात शंभरावे नाव टंकताना बोट घसरणार, एखादे पान दोनदा मोजले जाणार, हे गृहीतच धरावे. हेच काम कमांड लाइनवरून, म्हणजे खिडक्या आणि चित्रे बाजूला ठेवून अक्षरांत आज्ञा टंकण्याच्या त्या काळ्या पडद्यावरून, एका ओळीत आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. सोय एवढी मोठी आहे की तिच्या पोटातली जोखीम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ती कोठे दडलेली असते, हे आधी समजून घेणे इष्ट. (पुढे आलेल्या आज्ञा त्यांच्या उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, संगणकावर त्या रोमन लिपीतच टंकाव्या लागतात.)

नाव बदलते म्हणजे नेमके काय बदलते, हा पहिला प्रश्न. सर्वसामान्य समज असा, की नाव हे फाइलच्या अंगावर लिहिलेले असते. वस्तुस्थिती तशी नाही. ग्रंथालयातले पुस्तक फळीवर असते आणि त्याची नोंद सूचिपत्राच्या खणात असते. संगणकातही तसेच आहे. प्रतिमेचा मजकूर डिस्कवर एके ठिकाणी असतो आणि फोल्डर ही केवळ ‘अमुक नाव, तमुक जागा’ अशा नोंदींची यादी असते. नामांतर करताना या यादीतील एक नोंद तेवढी खोडून नव्याने लिहिली जाते. पुस्तक फळीवरून हलतही नाही. म्हणूनच दोन केबींची चिठ्ठी आणि सहाशे एमबींची चित्रफीत या दोहोंची नावे सारख्याच वेगाने बदलतात. मात्र एका डिस्कवरून दुसरीवर, म्हणजे संगणकातून पेन ड्राइव्हवर, फाइल नव्या नावाने ‘हलवली’ तर ते नामांतर उरत नाही. तेथे प्रत्यक्ष नक्कल होते आणि मग मूळ पुसले जाते. मध्येच वीज गेली तर काय होईल, याचा विचार त्या वेळी वेगळा करावा लागतो.

यादीत एकाच नावाच्या दोन नोंदी असू शकत नाहीत. सगळ्या अनर्थाचे मूळ या साध्या नियमात आहे. नवे नाव आधीच कोणा दुसऱ्या फाइलचे असेल, तर संगणकासमोर दोनच मार्ग उरतात : नकार द्यावा, किंवा जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी बसवावी. युनिक्सच्या परंपरेने, आणि म्हणून आजच्या लिनक्सने व मॅकने, दुसरा मार्ग पत्करला. तेथे नामांतराची आज्ञा ‘एमव्ही’ ही आहे; ‘मूव्ह’ या शब्दाचे ते लघुरूप. ती आधीच्या फाइलच्या डोक्यावर नवी फाइल बसवते आणि चकार शब्द काढत नाही. पुसली गेलेली फाइल कचरापेटीतही सापडत नाही, कारण कचरापेटी ही चित्रमय पडद्याची सोय आहे. आज्ञेला तिची ओळख नाही.

याचा परिणाम किती भयंकर होऊ शकतो, ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, दोनशे पानांची वही स्कॅन झाली. फायलींना ००१ ते २०० असे क्रमांक दिले. नंतर लक्षात आले की अकरावे आणि बारावे यांच्यामध्ये एक पान चिकटून राहिले होते व ते स्कॅन झालेच नाही. आता बाराव्याचे तेरावे, तेराव्याचे चौदावे असे करत सर्वांना एकेक पाऊल पुढे सरकवावयाचे आहे. कोणालाही सहज सुचेल अशी आज्ञावली अशी : बारापासून दोनशेपर्यंत क्रमाने जा आणि प्रत्येक फाइलच्या क्रमांकात एक मिळव. पहिल्याच पावलाला बाराव्या पानाची फाइल ‘०१३’ हे नाव घेते आणि खरे तेरावे पान पुसले जाते. दुसऱ्या पावलाला ‘०१३’ या नावाची फाइल, जी वस्तुतः बारावे पान आहे, ‘०१४’ होते आणि खरे चौदावे पान जाते. असे करत अखेरीस ‘२०१’ नावाची एकच फाइल उरते व तिच्यात बारावे पान असते. तेरा ते दोनशे ही एकशे अठ्ठ्याऐंशी पाने नाहीशी झालेली असतात. या सगळ्याला एक सेकंदही लागत नाही आणि पडद्यावर एकही तक्रार उमटत नाही.

उपाय अगदी सोपा आहे. शेवटून सुरुवात करावी. दोनशेचे दोनशे एक, मग एकशे नव्व्याण्णवचे दोनशे, असे उतरत यावे. प्रत्येक वेळी पुढची जागा रिकामी सापडते. भरलेल्या सभागृहातल्या रांगेत एक खुर्ची मोकळी करावयाची झाली तर टोकाच्या माणसाला आधी उठवावे लागते, तसेच हे. जेथे क्रम इतका सरळ नसतो, उदाहरणार्थ दोन पानांची अदलाबदल करावयाची असते, तेथे दोन फेऱ्या कराव्या लागतात. पहिल्या फेरीत सर्वांना कोठेही आढळणार नाही असे तात्पुरते नाव द्यावे आणि दुसऱ्या फेरीत खरे. याहूनही शहाणा उपाय म्हणजे क्रमांक सरकवण्याच्या भानगडीतच न पडणे. जुन्या दप्तरांतील कारकुनांनी मध्ये आलेल्या पानाला ‘११-अ’ असा क्रमांक देऊन हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. संगणकावरही ‘०११’ नंतर ‘०११-अ’ सुखाने बसते आणि बाकीच्या एकशे नव्व्याऐंशी फायलींना कोणी बोटही लावत नाही.

‘एमव्ही’ला आवर घालण्याची सोय आहे, पण ती मागावी लागते. आज्ञेनंतर आडवी रेघ व ‘आय’ हे अक्षर लिहिले तर ती पुसण्यापूर्वी विचारते. रेघ व ‘एन’ लिहिले तर पुसण्यास नकार देते. वरच्या उदाहरणात ‘एन’ लावला असता तर एकही पान गेले नसते. फक्त शेवटचे पान सरकले असते आणि बाकी काम अर्धवट राहिले असते. अर्धवट काम पुन्हा करता येते. पुसलेले पान पुन्हा आणण्यासाठी मूळ वहीच गाठावी लागते आणि ती त्या वेळी हाताशी असतेच असे नाही.

विंडोजची परंपरा वेगळी आहे. डॉसच्या काळापासून चालत आलेली ‘रेन’ ही आज्ञा नाव आधीच वापरात असल्यास नकार देते. या बाबतीत ती अधिक सौम्य म्हणावी लागेल. डॉसमध्ये नावाला आठ आणि विस्ताराला तीन अक्षरांची मर्यादा होती. ‘रेन’चे वळण त्याच काळात पडले आणि ते अजून गेलेले नाही. तारांकनाचे, म्हणजे ‘कोणताही मजकूर’ असा अर्थ असलेल्या ताऱ्याच्या चिन्हाचे, तिचे ज्ञान चमत्कारिक आहे. कॅमेऱ्याच्या ‘आयएमजी_०००१’ या नावापुढे ‘गोवा’ जोडावे म्हणून रोमन लिपीतील जी, ओ, ए ही तीन अक्षरे व तारांकन असे नवे नाव दिले, तर ती तीन अक्षरे पुढे जोडली जात नाहीत. ती मूळ नावाच्या पहिल्या तीन अक्षरांना खाऊन त्यांच्या जागी बसतात आणि ‘जीओए_०००१’ उरते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याला हा संगणकाचा खोडसाळपणा वाटावा.

लिनक्सवर तारांकनाचा खोडसाळपणा निराळा. तेथे तारांकन आज्ञेपर्यंत पोहोचतच नाही. मधला दुभाषा, ज्याला ‘शेल’ म्हणतात, तो तारांकनाच्या जागी फोल्डरमधील सर्व नावे लिहून मगच आज्ञेला बोलावतो. ‘सर्व मजकूर-फायलींचा विस्तार बदल’ असे विंडोजच्या सवयीने ‘एमव्ही’ला सांगितले, तर तिच्या हाती नावांची एक लांबलचक रांग पडते. रांगेतील शेवटचे नाव हे मुक्कामाचे ठिकाण असे ती मानते. ते फोल्डर नसेल तर ती बहुधा कुरकुर करून थांबते. परंतु चुकून केवळ तारांकन देऊन आज्ञा सुटली आणि फोल्डरमध्ये नेमक्या दोनच फायली असल्या, तर पहिली दुसरीच्या जागी जाऊन बसते. दुसरी गेली. शेवटचे नाव खरोखरच एखाद्या उपफोल्डरचे असले, तर बाकी सारी मंडळी मुकाट त्यात जाऊन बसते.

म्हणून लिनक्सवर एकगठ्ठा नामांतरासाठी स्वतंत्र साधने आली. त्यांतील सर्वांत जुन्या व लोकप्रिय साधनांपैकी एक म्हणजे ‘रिनेम’. पर्ल या संगणकीय भाषेचे जनक लॅरी वॉल यांनी ते पर्लसोबतच दिले होते. त्याला नियम सांगावयाचा असतो : एस हे अक्षर, तिरकी रेघ, जुना मजकूर, तिरकी रेघ, नवा मजकूर आणि पुन्हा तिरकी रेघ. त्यानंतर ज्यांना हा नियम लागू करावयाचा त्या फायली. ‘स्कॅन’च्या जागी ‘जमाखर्च-१९५८’ आणावयाचे असेल, तर एवढ्यावर भागते. जुन्या मजकुराच्या जागी ‘चार अंकांचा कोणताही गट’ असा नमुनाही देता येतो, आणि या साधनाची खरी ताकद त्यातच आहे. दुर्दैवाने ‘रिनेम’ हे नाव दोन वेगवेगळ्या आज्ञांनी घेतले आहे. डेबियन व उबुंटू यांवर या नावाने पर्लची आज्ञा मिळते. फेडोरा व तिच्या भावकीत त्याच नावाची दुसरीच आज्ञा असते. ती नियम ओळखत नाही, केवळ जुना शब्द आणि नवा शब्द घेते. पहिली आधीच्या फाइलवर कुरघोडी करण्यास नकार देते, दुसरी नकार द्यायला सांगितल्याशिवाय देत नाही. नामांतराच्याच आज्ञांनी एकाच नावावर हक्क सांगावा, याला काय म्हणावे?

मॅकवर २०१९पासून ‘झी शेल’ हा दुभाषा मुळातच येतो आणि त्याच्यासोबत ‘झेडएमव्ही’ नावाचे एक साधन असते. त्याची रीत अनुकरणीय आहे. ते आधी सर्व जुन्या-नव्या नावांची मनातल्या मनात यादी करते, दोन फायलींच्या वाट्याला एकच नाव येत आहे काय ते पाहते, आणि तसे असल्यास एकाही फाइलला हात न लावता थांबते. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘रिनेम-आयटम’ ही आज्ञा आहे. तीही कुरघोडी करत नाही. तिच्याबाबत एवढेच जपावे : फायलींची यादी पूर्ण होण्याआधीच नामांतर सुरू झाले, तर नव्या नावाची फाइल यादीत पुन्हा नवीन म्हणून उगवते आणि तिच्यामागे तोच उपसर्ग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा लागत जातो. यादी कंसात घालून आधी पूर्ण करून घेतली, की हा घोळ टळतो.

या सर्व साधनांत एक गोष्ट समान आहे आणि तीच सर्वांत मोलाची आहे : रंगीत तालीम. पर्लच्या ‘रिनेम’ला व ‘झेडएमव्ही’ला रेघ व ‘एन’ दिला, किंवा पॉवरशेलला ‘व्हॉट-इफ’ असे सांगितले, तर कोणते नाव कशात बदलणार याची यादी पडद्यावर येते. प्रत्यक्षात काहीच बदलत नाही. घाईत येथेच एक चूक होते. यादीची पहिली दहा नावे पाहून मनुष्य समाधान पावतो. परंतु नियम बिघडतो तो बहुधा मधल्या, वेगळ्या घाटाच्या नावांवर : जेथे स्कॅन करणाऱ्याने एखादे पान पुन्हा काढून ‘प्रत’ असे शेपूट लावले होते, किंवा नव्याण्णवनंतर शंभर आल्यावर अंकांची संख्या बदलली होती. तालमीत पहिला अंक चांगला झाला म्हणून कोणी नाटक लावत नाही. पूर्ण यादी वाचावी, निदान शेवटची दहा व मधली वीस नावे तरी वाचावीत.

नवे नाव कसे असावे, हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा वाटतो; पण त्यात संगणकाचे काही हट्ट पुरवावे लागतात. तो नावे अक्षरशः अक्षरानुक्रमे लावतो, म्हणून १, १०, ११, २ असा क्रम लागतो. सर्व क्रमांक सारख्या अंकांचे करून, म्हणजे पुढे शून्ये देऊन, हे टाळता येते. दोनशे पानांना तीन अंक पुरतात. वही हजारावर जाण्याची शक्यता असेल तर आधीच चार घ्यावेत. महिन्यांची नावे अक्षरांत लिहिली तर वर्षाचा आरंभ एप्रिलने होतो, त्यामागून ऑक्टोबर व ऑगस्ट येतात आणि जानेवारीला चौथे स्थान मिळते. गोव्यातील १९६१पूर्वीच्या पोर्तुगीज कागदपत्रांवरून नावे दिली तरी तीच गत. तेथेही ‘आब्रिल’च पुढे धावतो. ‘०५-०४-१९५९’ ही तारीख पाच एप्रिल की चार मे, हे ती लिहिणाऱ्याखेरीज कोणी सांगू शकत नाही. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी मांडणी १९८८मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्य झाली. ‘१९५९-०४-०५’ असे लिहिले की अक्षरानुक्रम आणि कालानुक्रम एकच होतात.

छायाचित्रांच्या बाबतीत तारीख हाताने लिहिण्याचीही गरज नसते, कारण डिजिटल कॅमेरा चित्र टिपल्याची वेळ फाइलच्या पोटातच नोंदवतो. फिल हार्वे यांचे ‘एक्झिफटूल’ हे साधन ती वेळ वाचून त्यावरून नाव देऊ शकते. कॅमेऱ्यांच्या नावांना चारच अंक असतात. ९९९९ नंतर पुन्हा ०००१ येतो. त्यामुळे शिगम्याच्या मिरवणुकीत दोन छायाचित्रकारांनी काढलेली चित्रे एका फोल्डरात आणली, की एकाच नावाच्या जोड्या समोरासमोर उभ्या राहतात. वेळेवरून दिलेले नाव या संकटातून बऱ्याच अंशी सोडवते. एकाच सेकंदात टिपलेल्या चित्रांसाठी मागे क्रमांक जोडावा लागतो आणि दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे आधी जुळवलेली असावी लागतात. स्कॅन केलेल्या कागदाला मात्र ही युक्ती लावू नये. तेथे फाइलमधील तारीख स्कॅन केल्याची असते. १९५८च्या जमाखर्चावर कालपरवाची तारीख छापली जाईल.

यापुढचा भाग मराठी नावे देणाऱ्यांसाठी विशेष महत्त्वाचा आहे, आणि कमांड लाइनवरील इंग्रजी मार्गदर्शनात तो सहसा सापडत नाही. फायलींना देवनागरीत नावे देण्यास आज कोणतीही आधुनिक प्रणाली हरकत घेत नाही. परंतु डोळ्यांना एक दिसणारे नाव संगणकाला एकच असते असे नाही. ‘डायऱ्या’ हा शब्द घ्यावा. त्यातील अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिलेला आढळतो. पहिल्या प्रकारात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व त्यास हलन्त. दुसऱ्यात साधा ‘र’, त्याखाली नुक्ता आणि हलन्त. तिसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही ‘डायऱ्या’च दिसतात. मॅकची २०१७पूर्वीची फाइलप्रणाली नाव साठवताना पहिल्या प्रकाराचे आपणहून दुसऱ्यात रूपांतर करत असे; मराठी टंकलेखनाच्या काही साधनांतून तिसरा प्रकार उतरतो. तीन जणांनी तीन संगणकांवर काम केलेल्या फोल्डरात ‘डायऱ्या’च्या जागी ‘रोजनिशी’ करण्याचा नियम लावला, तर एकतृतीयांश नावे बदलतील आणि उरलेली तशीच राहतील. तालमीची यादी शेवटपर्यंत वाचली नसेल, तर हे कळणारही नाही. उलट लिनक्सवर एकाच फोल्डरात हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या दोन ‘डायऱ्या’ शेजारी शेजारी नांदू शकतात आणि पाहणारा चक्रावून जातो.

हा दोष केवळ देवनागरीचा नाही. पोर्तुगीज भाषेतील मार्च महिन्याच्या नावात ‘सी’ अक्षराखाली शेपटी असते. ‘सांव’ लिहिताना ‘ए’वर नागमोडी रेघ येते. ही अक्षरेही अखंड व जोडलेली अशा दोन रूपांत साठवली जातात. गोव्यातील दप्तरखान्याच्या एकाच फोल्डरात मराठी व पोर्तुगीज नावे असतील, तर दोन्हीकडून घोटाळ्याची तयारी असते. ‘कॉन्व्हएमव्ही’ नावाचे एक साधन अशी नावे एका रूपात आणते. त्याची एक सवय वाखाणण्यासारखी आहे : ते मुळात तालीमच करते आणि ‘नो-टेस्ट’ असे स्पष्ट बजावल्याशिवाय एकही नाव बदलत नाही. ‘ऱ’चे पहिले दोन प्रकार ते एकत्र आणते. तिसऱ्या प्रकारातील अदृश्य चिन्ह त्याच्या आवाक्याबाहेर राहते. ते ‘रिनेम’ला स्वतंत्र नियम देऊनच काढावे लागते. ते काढतानाही त्या जागी ‘ऱ’ घालण्यास विसरू नये, अन्यथा ‘डायऱ्या’ची ‘डायर्या’ होते व अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो.

अंकांचेही तसेच. ‘शून्य ते नऊ’ असा नमुना साधनाला दिला, की ते इंग्रजी अंकच शोधते. देवनागरी १, २, ३ ही त्याच्या लेखी केवळ अक्षरे असतात. काही साधनांत ‘कोणताही अंक’ असे वेगळे चिन्ह असते व ते देवनागरी अंकांनाही लागू पडते, काहींत पडत नाही. एकाच फोल्डरात दोन्ही प्रकारचे अंक आले, तर आधी सर्व इंग्रजी अंकांची नावे आणि त्यानंतर सर्व देवनागरी अंकांची नावे असा क्रम लागतो आणि सलग वहीचे दोन तुकडे होतात. शब्द मराठीत असावेत, पण क्रमांक व तारीख इंग्रजी अंकांत द्यावी, ही तडजोड भाषाभिमान्यांना रुचली नाही तरी व्यवहारात तीच कमी त्रासाची ठरते.

लांबीचाही एक छुपा सापळा आहे. विंडोजवर नावाला २५५ चिन्हांची मर्यादा असते. लिनक्सच्या प्रचलित फाइलप्रणालीत ती २५५ बाइटची असते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे फरक जाणवत नाही. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइट घेते, आणि काना-मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हे मोजली जातात. ‘मडगाव’ डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते. त्यात कान्यासह पाच चिन्हे आणि पंधरा बाइट असतात. म्हणजे लिनक्सवर देवनागरी नावाला पंच्याऐंशी चिन्हांचीच मोकळीक उरते. ठरावाचे संपूर्ण शीर्षक नावात घालण्याचा मोह विंडोजवर निभावून जातो. तेच फोल्डर लिनक्सच्या साठवण-यंत्रावर नेऊ लागले, की लांब नावांच्या फायली नेमक्या मागे राहतात.

राहता राहिला प्रश्न जुन्या नावाचा. ते निरर्थक असले तरी कोठेतरी नोंदले गेलेले असते. एखाद्या अभ्यासकाने आपल्या प्रबंधाच्या टीपेत ‘स्कॅन_०४१७’ असा निर्देश केलेला असतो, वाचनालयाच्या तक्त्यात त्या नावाचा दुवा असतो, संकेतस्थळावरील चित्र त्याच नावाने मागवले जाते. नाव बदलले की हे सारे धागे एका क्षणात तुटतात. म्हणून नामांतरापूर्वी यादी करावी. विंडोजवर ‘डिर’ आणि तिरकी रेघ व ‘बी’, लिनक्सवर ‘एलएस’ या आज्ञा फोल्डरमधील नावांची यादी मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून देतात. ती तक्त्यात उघडावी, पहिल्या रकान्यात जुने नाव, दुसऱ्यात नवे. दुसऱ्या रकान्यात एकही नाव दोनदा आलेले नाही, हे तक्त्याकडूनच तपासून घेता येते. प्रत्यक्ष आज्ञाही या दोन रकान्यांवरूनच तयार कराव्यात. नियम डोक्यात ठेवण्यापेक्षा ते अधिक भरवशाचे. पुढे काही बिनसले तर दोन रकान्यांची अदलाबदल केली, की उलट प्रवासाच्या आज्ञा तयार होतात.

काम संपल्यावर सर्व पाने शाबूत आहेत ना, हे पाहण्याचीही एक खात्रीची रीत आहे. ‘शा-२५६’ ही गणिती पद्धत फाइलच्या मजकुरावरून तिचा बोटाच्या ठशासारखा एक लांब क्रमांक काढते. नावाचा त्याच्याशी काही संबंध नसतो. लिनक्सवर ‘शा-२५६-सम’ आणि पॉवरशेलमध्ये ‘गेट-फाइलहॅश’ या आज्ञा हा ठसा देतात. नामांतरापूर्वी सर्व ठसे घेऊन ठेवावेत, नंतर पुन्हा घ्यावेत, आणि दोन्ही याद्या ठशांच्या क्रमाने लावून ताडून पाहाव्यात. दोनशे ठसे आधी होते तेच दोनशे नंतर असतील, तर एकही पान गेलेले नाही. एकशे नव्व्याण्णव असतील, तर कोणते गेले तेही त्याच यादीतून कळते. मूळ वही कपाटात परत जाण्यापूर्वी ही तपासणी उरकलेली असावी.